प्रोजेक्टसाठी वाईट कांदे

कांद्यापासून सुटका व्हावी म्हणून मी नाशिकला येऊन एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीला प्रवेश घेतला, आणि शेवटच्या सत्रात सरांनी माझ्या गळ्यात कांदाच बांधला.

प्रोजेक्टचे विषय वाटायचा दिवस होता. आमच्या विभागाची वाटणीची पद्धत सोपी होती. ज्याच्या गावात जे फुकट मिळतं ते त्याने आणायचं. वणीकडच्या मुलीला टोमॅटो मिळाला, सायखेड्याच्या मुलाला नदीचं पाणी. माझी पाळी आली तशी सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"तुम्ही नामपूरच्या ना? मग प्रश्नच मिटला. कांद्याच्या मुळांवर करा. फवारणीनंतर द्राक्षबागेतून जे पाणी वाहून येतं, त्याने मुळांतल्या पेशींचं विभाजन कमी होतं का, ते मोजायचं. विषय छान आहे आणि खर्च शून्य."

"सर, मला मॉलिक्युलर बायोलॉजीतलं काहीतरी हवं होतं. पीसीआरवर वगैरे..."

"पीसीआर बंद आहे."

बंद म्हणजे बिघडलेलं नव्हे. ते यंत्र काचेच्या कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली कोणाकडे आहे हे विचारायची कोणाची छाती नव्हती. बाहेरून तपासणीला माणसं यायची तेव्हा ते पुसून टेबलावर मांडलं जाई, आणि ती माणसं चहा पिऊन गेली की पुन्हा कपाटात. पीसीआर आम्ही शिकलो तो फळ्यावर. तापमान वाढवा, डीएनएचे दोर सुटतात, कमी करा, प्राइमर चिकटतात. मला सगळं पाठ होतं. पोहण्याचं पुस्तक पाठ असावं तसं.

बाकीच्या विषयांची कथा याहून वेगळी नव्हती. बायोकेमिस्ट्रीच्या प्रात्यक्षिकात विकराचा वेग मोजायचा, तर बाटलीतलं विकर आमच्या आधीच म्हातारं होऊन वारलेलं. मग आधी पुस्तकासारखा आलेख काढायचा आणि त्यावरून उलट आकडे भरायचे. जेलवरच्या डीएनएच्या पट्ट्या आम्ही पेन्सिलीने काढल्या, सावलीसकट. सेल बायोलॉजीच्या तयार काचपट्ट्या इतक्या जुन्या की त्यांतला लाल रंग उडून सगळ्या पेशी पांढऱ्याफटक झाल्या होत्या. सर म्हणायचे, "आहे असं समजा." मी पहिल्या दिवसापासून आहे असं समजत होते. आमच्याकडे उत्तर आधी यायचं आणि प्रयोग मागून, वरातीमागून घोडं यावं तसा. त्याचा मला इतका संताप यायचा की वसतिगृहात जेवताना मी भाकरीसुद्धा रागाने मोडायचे.

म्हणून प्रोजेक्ट खरा करायचा, असं मी ठरवलं होतं. आणखी एक कारण होतं, आणि ते जास्त मोठं होतं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा मला द्यायची होती. माझे वडील, म्हणजे आमचे आबा, त्याला नाही म्हणाले नव्हते, हो पण म्हणाले नव्हते. आमच्या घरात अहिराणी बोलतात. आबांनी चहाची बशी खाली ठेवून एवढंच सांगितलं होतं, "आधी तुना प्रोजेक्ट चांगला व्हऊ दे. मंग पुण्यानं दखसूत." म्हणजे प्रोजेक्ट झाला तर पुणं, नाहीतर घर. आणि पुण्याच्या मुलाखतीत मला विचारलं असतं की स्वतःच्या हाताने काय केलंस, तर पेन्सिलीने काढलेल्या पट्ट्या मी कोणत्या तोंडाने दाखवल्या असत्या?

कांदा तर कांदा, म्हटलं.

आबांना फोनवर सांगितलं, तर त्यांना कोण आनंद! माझ्या शिक्षणातलं त्यांना पहिल्यांदाच काहीतरी कळलं होतं. दुसऱ्याच दिवशी नामपूरहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हवाली त्यांनी गोणी पाठवली. काय कांदे होते ते! एकसारखे, लालबुंद, मान बारीक, वर तीन-तीन पापुद्रे, हातात घेतले तर दगडासारखे. करोनानंतर परीक्षांची वेळापत्रकं सरकल्यामुळे आमचं सत्र पावसाळ्यात आलं होतं, आणि अशा दमट हवेतही त्या कांद्यांना डाग नव्हता. प्रयोगशाळेत सगळे येऊन बघून गेले. सरांनी चार घरी नेले.

पद्धत अशी. कांद्याचा बुडखा पाण्याला टेकेल असा तो काचेच्या पेल्यावर बसवायचा. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतात. त्यांची टोकं सकाळी कापायची, रसायनात बुडवून पेशी जागच्या जागी थिजवायच्या, रंग द्यायचा आणि काचपट्टीवर अंगठ्याने दाबून चपट्या करायच्या. मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, किती पेशी विभागताहेत आणि किती नुसत्या बसल्या आहेत. शाळेतल्या पोरांनाही जमतं.

माझ्या कांद्यांना मुळं फुटली नाहीत.

मी पाणी बदललं. नळाचं नको म्हणून उकळून गार केलेलं घेतलं. पेले अंधारात ठेवले, मग उजेडात ठेवले. बुडखा ब्लेडने खरवडला. वनस्पतींचं वाढीचं संप्रेरक एका मैत्रिणीच्या हातापाया पडून मिळवलं आणि थेंब थेंब घातलं. कांदे पेल्यावर बसून राहिले, मांडवातल्या रुसलेल्या व्याह्यांसारखे. आठवडा गेला, दुसरा गेला. शेजारच्या टेबलावर वणीच्या मुलीचे टोमॅटो कुटून, गाळून, मोजूनही झाले.

सर रोज जाता-जाता विचारायचे, "आली का मुळं?" आणि एक दिवस म्हणाले, "तुमचं काहीतरी चुकतंय. कांद्याला मुळं येत नाहीत असं होतं का कधी?"

"काय चुकतंय सर?"

"ते तुम्ही शोधायचं. प्रोजेक्ट तुमचा आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, गेल्या वर्षी एका मुलाने असंच काम केलंय. त्याचे आकडे कपाटात आहेत. थोडे पुढेमागे करा आणि मोकळ्या व्हा. एवढं मनाला लावून घेऊ नका."

मी स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशातल्या स्वतःलाच शिव्या दिल्या. कांद्याच्या गावची पोर, आणि कांद्याला मूळ फुटवता येत नाही!

त्या रविवारी मी घरी गेले. आईने जेवायला वाढलं आणि तोंडी लावायला कांदा हवा म्हणून चुलीजवळची टोपली पुढे ओढली. टोपलीतल्या प्रत्येक कांद्याला हिरवा कोंब होता आणि खाली पांढऱ्या मुळांची ही एवढी दाढी. मी हातातला घास ताटात ठेवला.

"आई, हे कुठले?"

"चाळीतलाच शेतस. चांगला बाजारले, खराब घरले." आमच्याकडे हे काही नवीन नाही. कांदा पिकवणाऱ्याच्या घरात कोंबाचाच कांदा खातात. मी लहानपणापासून तोच खाल्लाय.

"पण नाशिकला पाठवलेल्यांना एक मूळ नाही आणि यांना एवढी?"

"विहीरकडला वाफासले औषध पुरनं नही ना," आई म्हणाली आणि माझ्या ताटात कालवण वाढलं.

औषध! आबा काढणीआधी कांद्याच्या पातीवर कोंब न फुटण्याचं औषध मारतात. का, तर कांद्याच्या चाळीत साठवलेला माल टिकावा, भाव येईपर्यंत दम धरावा. ते औषध काय करतं? कांद्यातल्या वाढत्या टोकाच्या पेशींचं विभाजन थांबवतं. हे मला माहीत होतं. मी वर्गात हात वर करून सांगितलं होतं. आणि पेशी कशाने विभागायच्या थांबतात ते तपासायला मी नेमके आधीच थांबवलेले कांदे घेऊन बसले होते. आबांनी मला सगळ्यांत चांगला माल दिला होता. आमच्या घरात चांगला कांदा म्हणजे जो काहीच करत नाही, पडून राहतो तो.

आता मी सटाण्याजवळ एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या पुस्तकातही 'एक कांदा घ्या' एवढंच लिहिलंय. कोणता घ्या ते लिहिणाऱ्याने लिहिलेलं नाही. तो धडा आला की माझं डोकं अजूनही फिरतं, आणि पोरांना कळत नाही की बाई कांद्यावर का चिडतात.

त्या दिवशी जेवण अर्धवट टाकून मी चाळीत गेले. आबा माल निवडत होते. मी विहिरीकडच्या ढिगातून कोंब आलेले, मुळं फुटू पाहणारे, बेढब कांदे वेचून थैलीत भरायला लागले.

"हाई काय करी ऱ्हायनी?" आबांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं. औषध, पेशी, विभाजन, सगळं. ते ऐकत होते, पण त्यांची नजर थैलीवर होती.

"तुना सरले हाऊ सडेल कांदा दावशी? लोके काय म्हनतीन? मना नाववर?"

"आबा, सर हे खाणार नाहीत. मला मुळं पाहिजेत."

"आपली काही इज्जत शे का नही?"

मी थैली बांधली, दारामागे ठेवली आणि सकाळच्या गाडीने निघाले. गाडीत मी खूश होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खिडकीतून बाहेर बघितलं. प्रयोगशाळेत पोचून थैली उघडली, तर आत एकसारखे, लालबुंद, दगडासारखे कांदे. तीन-तीन पापुद्र्यांचे.

मी तिथेच स्टुलावर बसले. फोन लावला.

"आबा, थैलीत काय भरलंत?"

"तू अंघोळले गयथी ना, तवय बदली टाकात," आबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एवढं समाधान होतं की मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. "समदा खराब व्हतात. आते एकबी खराब नही शे."

मी ओरडले. आयुष्यात आबांवर मी तसं कधी ओरडले नव्हते. म्हणाले, तुमच्या इज्जतीपायी माझं सत्र बुडतंय. म्हणाले, तुम्हाला कांदा कळतो पण मी काय करतेय ते एकदाही कळून घ्यावंसं वाटलं नाही. म्हणाले, पुण्याला पाठवायचं नसेल तर सरळ सांगा, असं कांद्याआडून अडवू नका. सायखेड्याचा मुलगा हातातली बाटली तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला. पलीकडून फोन कट झाला.

बाजारातून कांदे आणून पाहिले. पण हातगाडीवरचा माल चार गावांचा. एकाला मुळं येत, दोनांना येत नाहीत. तुलना करायची तर सगळे एकाच शेतातले हवेत, नाहीतर फरक पाण्याने पडला की कांद्याने, कसं सांगणार? सरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "एवढं कोण बघतंय?"

दोन दिवसांनी कंडक्टरचा फोन आला. स्टँडवर जाऊन गोणी घेतली. उघडून पाहिलं, तर वर पुन्हा तेच लालबुंद, चकचकीत कांदे. डोळ्यांत पाणीच आलं. रागाने मी गोणी उलटी केली आणि खालून धबधब्यासारखे बाहेर आले ते सगळे कोंबाचे, वाकडे, दाढीवाले. विहिरीकडचे. नुसता एक थर वर चांगल्यांचा होता. बाजारात लबाड माणूस चांगला माल वर ठेवून खराब खाली दडपतो. आबांनी गाडीतल्या लोकांना दिसू नये म्हणून तसंच केलं होतं. त्यांच्या मालात वरचा एक आणि खालचा एक, असं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. मला हसू आलं, आणि हसता-हसता वाईटही वाटलं. फोन मात्र आबांनी केला नाही, आणि मीही केला नाही.

मुळं आली. पेल्यात ठेवलं आणि आली. इतक्या सहज की मला पुन्हा राग आला.

पहिली धड काचपट्टी जमली त्या दिवशी मी बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. चौकोनी-चौकोनी पेशी, आत जांभळट-लाल ठिपके, आणि मधेच एक पेशी अशी की तिच्यातले धागे दोन्ही बाजूंना ओढले जात होते, रस्सीखेच चालावी तसे. पुस्तकात हजारदा काढलेलं चित्र. पण हे आमच्या विहिरीकडच्या वाफ्यात झालेलं होतं. माझ्या हाताने रंगवलेलं होतं. दोन वर्षांत आहे असं समजावं न लागलेली ती पहिली गोष्ट. मी कोणालाही न बोलावता ती एकटीनेच बघितली.

मग मोजणी. उरलेल्या दिवसांत जेवढं होईल तेवढं केलं. फवारणीच्या पाण्यातल्या मुळांत विभाजन कमी दिसत होतं, पण सगळीकडे सारखं नाही. काही ठिकाणी उलटंच. आकडे वेडेवाकडे आले. खरे आकडे तसेच येतात, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मी ते तसेच लिहिले.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. मी सूक्ष्मदर्शक लावून, सगळ्यांत चांगली काचपट्टी बसवून, दिवा पेटवून तयार होते. त्यांनी माझी वही चाळली.

"तुमचे आकडे जरा विस्कळीत आहेत. बाकीच्यांचे बघा, किती छान आलेत."

बाकीच्यांचे कुठून आलेत ते मला माहीत होतं. आमच्या सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"सर, एकदा पट्टी बघता का? पेशी विभागताना दिसतेय."

त्यांनी घड्याळ बघितलं. "गाव कोणतं तुमचं?"

"नामपूर."

"मग काय, कांदा घरचाच! सोपं गेलं तुम्हाला," ते हसत म्हणाले आणि पुढच्या टेबलावर गेले. दुपारी फळ्यावर गुण लागले. पास होते. वर्गात माझ्या खाली एकच नाव होतं.

आबा त्या दिवशी माझं सामान न्यायला आले होते. वसतिगृहाच्या खोलीतून गादी, ट्रंक, बादल्या त्यांनी स्वतःच खाली उतरवून टेम्पोत रचल्या होत्या. मला शोधत ते प्रयोगशाळेच्या दारात आले. चपला बाहेर काढल्या, देवळात काढाव्यात तशा. सगळे जेवायला गेले होते. माझ्या टेबलावरचा दिवा अजून पेटलेला होता.

"व्हयना का प्रोजेक्ट?"

"व्हयना," मी म्हणाले. गुणांचं मी सांगितलं नाही, पण फळा त्यांच्यासमोरच होता आणि वाचता त्यांना येत होतं. ते फळ्याकडे बघत उभे राहिले. मग माझ्याजवळ आले.

"माले दाव."

मी त्यांना स्टुलावर बसवलं. आधी त्यांना काहीच दिसेना, पापण्या आड येत होत्या. मग एकदम ते हलायचे थांबले. मी सांगत गेले, ती मधली बघा, धागे ओढले जाताहेत ना, ती एकाची दोन होतेय.

"हाऊ आपला कांदा शे?"

"विहिरीकडचा."

ते बघत राहिले. परीक्षकांनी द्यायला हवा होता तेवढा वेळ, त्याहूनही जास्त.

"मंग? व्हयन्यात का त्या दोन?"

"नाही आबा. रसायनात टाकलं की पेशी तिथेच मरते. त्याशिवाय दिसत नाही."

"म्हंजे पुढे काय व्हतं, ते समजाव नही."

"नाही."

डोळा काचेला लावूनच त्यांनी विचारलं, "जित्ता ऱ्हास तवय दखता येस का कोठे?"

"जिवंत असताना? पुण्याला येतं. तिथे तसली यंत्रं आहेत."

"मंग तू पुण्याना फारम भरी दे."

इतके महिने मी हे एक वाक्य ऐकायला थांबले होते. मी हात पुढे करून सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"मुदत सरी गई, आबा. मागला आठवडामा. तुम्हीनच सांगेल व्हतं ना, आधी प्रोजेक्ट व्हऊ दे."

काच अंधारली होती. तरी आबांनी डोळा काढला नाही.